पाया भरण्याआधी

खीव्याजवळच्या गुजुमली गावात कुणी नवं घर काढलं, की जागा आखून, खुंट्या ठोकून, पायाचे चर खणून झाल्यावर पहिला निरोप जायचा तो बिकाजानला. ती सायकलवर यायची. कॅरिअरला औषधाचा निळा डबा बांधलेला, हँडलला फवारणीचा पंप अडकवलेला, नाकातोंडावर दुहेरी रुमाल, आणि घागऱ्याखाली पुरुषी रबरी बूट. आल्यावर सलाम-दुवा उरकून ती सरळ चरात उतरायची आणि वाकून वाकून माती बघायची. ओल किती, जमिनीतून वर येणाऱ्या मिठाचा थर कुठवर, जुन्या तुतीची मुळं राहिलीत का, सिमेंटच्या कागदी पिशव्या कुणी आत दडपल्यात का.

गवंडी तिला वचकून असत.

"ही कुणाची?" मातीतून लाकडाचा बोटभर तुकडा उपसून ती विचारायची.

"खुंटी आहे आपा. मोडली, राहिली आत. एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?"

"सासू जेवायला येणार असली की दार उघडं ठेवतोस ना? तसं हे वाळवीसाठी ठेवलेलं उघडं दार आहे. आणि सासू निदान दोन दिवसांनी जाते तरी. काढ!"

सगळे हसायचे, आणि खुंटी निघायची. मग ती औषध कालवायची. चराचा तळ, चराच्या दोन्ही बाजू भिजवायच्या. माती परत लोटताना दर वीतभर थराला पुन्हा औषध. जोत्याच्या आतली भरणी झाली की सगळ्या जमिनीला एकदा. नळ जिथून वर येणार तिथं जरा जास्तच. ते मुरेपर्यंत काँक्रीटचा घमेलाभर माल पडता कामा नये, अशी तिची अट. गवंड्यांना दम निघायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून काम झालं तरी ती घरी जात नसे. गवंडी दुसऱ्या कामावर निघून जायचे, मालक आपल्या उद्योगाला लागायचा, आणि बिकाजान पालथ्या बादलीवर बसून त्या मोकळ्या जागेची राखण करायची. फडक्यात नान, थर्मासमध्ये हिरवा चहा. समोर दोऱ्यांनी आखलेल्या खोल्या. ना भिंत, ना माणूस. वारा सुटला की दोऱ्या गुणगुणायच्या. अशा जागी तिचे किती दिवस गेले असतील, त्याला गणती नाही.

घर उभं राहिलं की तिचं काम कुणाच्या नजरेला पडत नसे. लोक दारावरची नक्षी बघायचे, छताचे रंग बघायचे. जोत्याखाली काय आहे, ते कोण बघणार?

हे काम ती हौसेनं शिकली नव्हती. तिचा नवरा रुझमत हा त्या भागातला नावाजलेला सुतार. लोक त्याला रुझमत उस्ता म्हणत. लग्नानंतर पाच वर्षांनी त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं. पॉप्लरच्या सरळसोट तुळया निवडून आणल्या, दोन हिवाळे सुकवल्या, पाहुण्यांच्या खोलीच्या छताला अशी नक्षी काढली, की खीव्याहून लोक नुसतं छत बघायला यायचे. रुझमत त्यांना गादीवर निजवून वर बघायला लावायचा. बसून मान वर करण्यापेक्षा निजूनच छत नीट दिसतं, असं त्याचं म्हणणं.

सात वर्षांनी, एका शरदाच्या दुपारी, ते छत खाली आलं. घरची माणसं शेजारच्या गावात लग्नाला गेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. परत आले तर अंगणात माणसांची दाटी, आणि पाहुण्यांच्या खोलीच्या जागी मातीचा ढीग. त्यांची अकरा वर्षांची मुलगी इन्तिझार रोज त्याच खोलीत निजायची. तिची दुलई ढिगाखालून ओढून काढली, तेव्हा बिकाजाननं मुलीला जवळ ओढलं.

रुझमतनं तुळईचा एक तुकडा उचलला आणि तो हातात चुरला. बाहेरून रंग जसाच्या तसा, लाल-हिरवी फुलं टवटवीत; आत मात्र काही नाही. कागदाच्या पापुद्र्यांसारखे थर आणि बारीक माती. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "उस्ता, तुझं काम आतून भलतंच हलकं निघालं रे!" लोक हसले. तसं ते बोलणं फार वाईट नव्हतं, पण रुझमतच्या कानात ते रुतून बसलं. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे कुणी दार करायला टाकलं नाही, कुणी छताचं विचारलं नाही. बाजारात तो तोंड चुकवत चालायचा.

त्याच हिवाळ्यात उर्गेंचहून एक बाई आल्या. झुल्हुमोर खानिम त्यांचं नाव. वाळवीचा अभ्यास करायच्या. त्यांनी तुळईचे तुकडे बरणीत भरले, जमीन उकरली, आणि शाबूत राहिलेल्या भिंतीच्या कोपऱ्यात, कोठाराच्या मागं, जमिनीपासून वर चढत गेलेली मातीची एक बारीक नळी बिकाजानला दाखवली. पेन्सिलीएवढी जाड.

"हा त्यांचा रस्ता," त्या म्हणाल्या. "उजेड आणि वारा त्यांना सोसत नाही. म्हणून असा बोगदा करून जमिनीतून लाकडापर्यंत येतात. हा वेळेवर दिसला असता तर घर वाचलं असतं. तुम्हाला कधी दिसला नाही?"

बिकाजान म्हणाली, "नाही."

खरं तर तिला तो दिसला होता. एकदा नव्हे, दर आठवड्याला. भिंतीला ओल येते, ओलीची माती चढते, असं समजून ती केरसुणीनं ती नळी झाडून टाकायची. चार दिवसांनी नळी पुन्हा असायची, ती पुन्हा झाडायची. घर स्वच्छ ठेवायची हौस होती तिला. सात वर्षं तिनं ते झाडलं, आणि नवऱ्याला एका शब्दानं सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच तिला वाटायचं.

आता सांगायला हवं होतं. ती रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. वसंतात नौरोझचा सण झाला, आणि रुझमत एका हंगामासाठी म्हणून परदेशात, ओरेनबुर्गला कामाला निघाला. बसमध्ये चढताना त्यानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. बिकाजानला म्हणाला, "मोडकं लाकूड जाळून टाक." एवढंच.

त्या हंगामाला वीस वर्षं लागली. पहिली काही वर्षं कधी निरोप यायचा, कधी गावचा माणूस येताना काही घेऊन यायचा. मग तेही थांबलं. तिकडून परतलेले लोक तिच्यासमोर विषय बदलायचे, त्यावरून तिला कळायचं ते कळलं. उर्गेंचच्या झुल्हुमोर खानिमना गावोगाव हिंडायला जोडीला कुणीतरी हवं होतं. बिकाजान त्यांच्यामागं पंप उचलायला म्हणून गेली आणि सगळं शिकली. खानिम निवृत्त झाल्या, तरी हिचं काम चालूच राहिलं. इन्तिझार मोठी झाली, लग्न होऊन नुकूसला गेली. पडक्या खोलीच्या जागी बिकाजाननं भेंडी लावली. उरलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि संध्याकाळी रेडिओ लावून ठेवायची, ऐको न ऐको.

त्या विसाव्या वर्षी एप्रिलमध्ये अवाझचा फोन आला. अवाझ म्हणजे गावातला मोठा मिस्त्री. लहानपणी रुझमतच्या हाताखाली रंधा धरायला शिकलेला.

"आपा, कालव्यापलीकडे एक काम आहे. मतनझरच्या जागेवर."

मतनझर म्हणजे तिचा दीर. तो वारून सहा वर्षं झाली होती, जागा ओसाड पडली होती. "कुणी घेतली?" तिनं विचारलं. अवाझला खोकला आला. म्हणाला, "तुम्ही या तर."

ती गेली. चर खणून तयार होते, दोऱ्या ताणलेल्या होत्या. ती सवयीनं खुंट्या तपासायला वाकली आणि तशीच थांबली. दोरी खुंटीला डावीकडून दोनदा फिरवून टोक आत खोचलेलं होतं. अशी गाठ मारणारा डावखुरा माणूस तिनं जन्मात एकच पाहिला होता.

"अवाझ, आखणी कुणी केली?"

"मालकांनी," अवाझ जमिनीकडे बघत म्हणाला. "आपा, शिव्या हव्या तेवढ्या घाला. पण आधी चर बघा."

तुतीच्या झाडामागून एक माणूस किटली घेऊन आला. केस पार पांढरे, खांदे आत गेलेले, अंगावर परदेशी कोट. त्यानं किटली विटांवर ठेवली आणि म्हणाला, "चहा ठेवलाय."

वीस वर्षांनी त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे.

बिकाजान चरात उतरली. समोरची माती नजरेत शिरेना, तरी ती टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. "या अंगाला चर उथळ आहे," ती म्हणाली. "आणखी वीतभर खणायला हवा."

"खणतो."

"तुम्ही नको. अवाझच्या माणसांना सांगा. छातीतून भाता चालल्यासारखा आवाज येतोय तुमच्या."

अवाझला एकाएकी रेतीच्या गाडीची आठवण झाली आणि तो निघून गेला. ती दोघं विटांवर बसली. रुझमतनं पियाला भरून तिच्यापुढं धरला.

"कधी आलात?"

"नौरोझच्या आधी."

"म्हणजे पाच आठवडे झाले. आणि मधला कालवा काय अमुदर्या नदी आहे होय? ओलांडता आला नाही?"

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"जाताना नेलं होतंत ना तोंड? का ते तिकडंच ठेवून आलात?"

रुझमत म्हणाला, "तू विचार, काय विचारायचं ते."

"लोक म्हणायचे, तिकडं बाई आहे."

"होती. चार वर्षं. मग तिनं हाकललं."

"भली बाई. चार वर्षं तरी ठेवलं."

रुझमतला हसू आलं, आणि हसण्यात खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत बिकाजान पियाला हातात धरून बसली. या माणसाला पुष्कळ बोलायचं, असं तिनं कितीदा ठरवलं होतं. पण ते सगळं एका धट्ट्याकट्ट्या, काळ्या मिशीच्या माणसासाठी होतं. या म्हाताऱ्याला त्यातलं काय बोलायचं, तिला सुचेना. ती उठली आणि औषध कालवायला लागली.

दुपारपर्यंत चर भिजवून झाले. गवंडी गेले. ती नेहमीसारखी बादली पालथी घालून राखणीला बसली. रुझमत पुन्हा आला. एका हातात नान, दुसऱ्या हातात वाळवलेल्या खरबुजाची वेणी. तिच्यापासून चार हातांवर, खोलीच्या आखणीबाहेर, तो मातीवर टेकला.

"मी ओतू देणार नाही कुणाला," तो म्हणाला. "तू जा घरी. जेवून ये."

"माझं काम मी करते."

वारा पडला होता. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. आता नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणं व्हायचं नाही, हे तिला एकदम स्पष्ट दिसलं.

"इन्तिझारचे बाबा," ती म्हणाली, "कोठाराच्या मागं भिंतीवर मातीची नळी चढायची. मी ती दर आठवड्याला झाडायची. सात वर्षं झाडली. मला वाटायचं ओल आहे. तुम्हाला बोलले नाही. नंतर कळलं काय ते, तरी बोलले नाही. तुम्ही गेलात, लोक तुमच्या लाकडाला हसले. तुमच्या लाकडात खोट नव्हती. माझ्या केरसुणीत होती."

बोलताना ती कुठं अडखळली नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात म्हणून हे शब्द गुळगुळीत झाले होते.

रुझमत मातीत बोटानं रेघा ओढत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"नळीचं नव्हे. तुळईचं." त्यानं वर बघितलं नाही. "पडायच्या आदल्या वर्षी. उर्गेंचहून पाहुणे यायचे होते, म्हणून मी शिडीवर चढलो, रंग जरा उजळावा म्हणून. हातोडीचा दांडा तुळईला लागला. आवाज पोकळ आला. मी आणखी दोन-चार ठिकाणी वाजवून बघितलं. सगळीकडे तसाच. मी सुतार आहे. मला काय कळायचं राहिलं? पण लोक छत बघायला येत होते. कुणाला सांगू, उस्ताचं छत पोकळ आहे म्हणून? म्हटलं, एक वर्ष जाऊ दे, गुपचूप तुळया बदलू. वरून रंगाचा एक हात मारला आणि खाली उतरलो."

बिकाजान उभी राहिली.

"पोरगी निजायची तिथं."

"हो."

"रोज निजायची. तुम्ही तिला उचलून आत नेऊन ठेवायचात."

"हो." आता त्यानं वर बघितलं. "लोकांच्या बोलण्यानं गेलो नाही मी. ते काय, चार दिवस बोलले असते. मातीतून तिची दुलई ओढली ना, त्यानंतर मला तुमच्यात बसून जेवता येईना."

वीस वर्षं तिनं जो भार एकटीनं वागवला, त्यातला मोठा भाग तिचा नव्हताच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तिला संताप आला. असा संताप की पंप उचलून कालव्यात फेकून द्यावा, सायकलवर बसावं आणि त्याच्या नव्या घराचं वाळवीला काय करायचं ते करू द्यावं. ती सायकलपाशी गेलीसुद्धा. हँडल धरून उभी राहिली. मग परत आली आणि बादलीवर बसली.

"अंधार पडेपर्यंत मुरेल," ती म्हणाली. "उद्या भरणीला येते. तोवर कुणाला पाय ठेवू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. एकही थर तिनं सोडला नाही. नळाच्या जागी ती दोनदा औषध घालायची, इथं तीनदा घातलं. रुझमतशी मात्र कामापुरतंच बोलली. प्लॅस्टिकचा कागद अंथरून झाला, काँक्रीट पडलं, आणि तिचं काम संपलं.

उन्हाळाभर पलीकडून ठोकाठोकीचा आवाज यायचा. भिंती अवाझनं उभ्या केल्या, छत रुझमतनं एकट्यानं केलं. तासभर काम करायचा, तासभर दम खायचा. या वेळी नक्षी नव्हती. साध्या रंधलेल्या तुळया, टोकांना औषध पाजलेलं, भिंतीत शिरतात तिथं पत्र्याचं टोपण. रंगसुद्धा लावला नाही. अवाझ म्हणाला, "उस्ता, निदान एक फूल तरी काढा." रुझमत म्हणाला, "लाकूड उघडं राहू दे. काय होतंय ते दिसायला हवं."

खरबुजं पिकली तेव्हा घरभरणी झाली. नुकूसहून इन्तिझार दोन मुलांना घेऊन आली. बापाशी ती कशी बोलेल, याची बिकाजानला धास्ती होती. इन्तिझार दारात थांबली, म्हणाली, "बाबा, किती बारीक झालात," आणि मुलांना पुढं ढकललं, "जा, आजोबा आहेत." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बिकाजाननंही कधी सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर रुझमतनं बिकाजानला पूर्वेकडची खोली दाखवली. कोनाड्यात नव्या दुलया रचलेल्या, खिडकीला पडदा. "ही तुझी," तो म्हणाला.

तिनं खोली नीट बघितली. "चांगली आहे. ऊन येतं."

"मग?"

"ऊन येतं, एवढंच म्हटलं मी."

तिनं बूट घातले, नातवंडांना घेतलं आणि पूल ओलांडून आपल्या घरी आली. रागावली होती असं नाही. पण एकटीनं राहायची सवय हाडात मुरली होती. सकाळी उठल्यावर घरात दुसऱ्याचा खोकला ऐकू येणार, या कल्पनेनंच ती दचकायची. आणि त्या खोलीत निजली, तर छताकडे बघून आपल्याला काय आठवेल, हेही तिला ठाऊक होतं.

गावानं चेष्टा करायला कमी केलं नाही. कालव्याच्या दोन काठांवर दोन घरं, आणि नवरा-बायको एकच! दर गुरुवारी रुझमत पूल ओलांडून यायचा. तिच्या दाराची बिजागरी बसव, खाटेचा पाय ठोक, काहीतरी करायचा. ती शेपूच्या हिरव्या शेवया करायची. तो जेवायचा, "मीठ बरोबर आहे," म्हणायचा आणि दिवस मावळायच्या आत परत जायचा. पुलावर पोहोचला की तो मागं वळून बघायचा. ती खिडकीत नसल्यासारखं करायची.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या फेब्रुवारीत, खारट शेतांतलं मीठ धुवून काढायला पाणी सोडलं होतं तेव्हा, सलग दोन गुरुवार तो आला नाही. ती गेली, तर तो अंगात कोट घालून निजलेला. तिनं आपली दुलई आणली आणि पूर्वेकडच्या खोलीत अंथरली. अकरा दिवस ती त्या घरात राहिली. डॉक्टर येऊन गेला. इन्तिझार येऊन गेली. बिकाजान त्याला रस्सा भरवायची, पाठीला उशा लावायची. बोलणं फार होत नसे. एका दुपारी तो म्हणाला, "एकदा वाजवून बघ ना."

तिला कळलं. तिनं केरसुणी उलटी धरली आणि दांड्यानं तुळईवर ठोकलं. आवाज भरीव आला. ती खोलीभर फिरली, एकेक तुळई वाजवली. तो डोळे मिटून ऐकत होता.

"आता बास," तो म्हणाला. "हात दुखतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा तो गेलेला होता. लोक जमले. अवाझ लहान मुलासारखा रडला. बिकाजानला रडू आलं नाही. तिला आठवत राहिलं, की तो वळून बघायचा तेव्हा एकदा तरी हात करायला हवा होता.

दुखवट्याचे चाळीस दिवस झाल्यावर इन्तिझारनं हट्टानं तिला नुकूसला नेलं. चौथ्या मजल्यावरचं घर, गरम पाणी, टीव्ही. जावई भला होता. तिथं बिकाजान तीन आठवडे टिकली.

"काय कमी आहे तुला इथं?" इन्तिझार चिडून म्हणाली.

"काही कमी नाही ग. पण जमीन कुठाय? खिडकीतून बघते तर खाली मोटारींचे टप. मी करू काय दिवसभर?"

"आराम कर."

"केला ना तीन आठवडे."

मुलीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि तिकीट काढलं. बसमध्ये बसवताना म्हणाली, "बाबांचं घर तरी विकून टाक. नाहीतर तू तिथं राहा. चांगलं घर ओस पडतं."

बिकाजाननं घर विकलं नाही, आणि तिथं राहायलाही गेली नाही. गावच्या शाळेत बुखाऱ्याकडून एक शिक्षिका आली होती, सरविनोझ नावाची. नवरा, तीन मुली, आणि राहायला भाड्याची दमट खोली. बिकाजाननं तिला किल्ली दिली. "राहा," म्हणाली. "दोन गोष्टी पाळ. भिंतीला टेकून जळण रचायचं नाही, आणि कुठं मातीची रेघ चढताना दिसली तर झाडायची नाही. मला हाक मारायची."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटले आणि ती जमिनीतून उडाली, तेव्हा बिकाजान घर बघायला गेली. सगळ्या भिंती, सगळे कोपरे, नळाची जागा तिनं गुडघ्यांवर बसून बघितली. काही नव्हतं. तिन्ही मुली तिच्यामागं तशाच गुडघ्यांवर रांगत होत्या. पूर्वेकडच्या खोलीत त्यांची दप्तरं पडली होती, भिंतीवर कुणीतरी खडूनं उंट काढला होता.

"काय शोधता आजी?" धाकटीनं विचारलं.

"काही सापडू नये, म्हणून शोधते."

"मग सापडलं नाही की काय करता?"

"पुढच्या वर्षी परत येते."

सरविनोझनं चहाला थांबवलं. बिकाजान उंबऱ्यावरच बसली. चहा कढत होता. आत थोरली मुलगी धडा मोठ्यानं वाचत होती, मधली तिच्या चुका काढत होती. बिकाजाननं तो गलका थोडा वेळ ऐकला. पियाला पुन्हा भरायला सरविनोझ आली, तसं बिकाजाननं पियाल्यावर हात ठेवला.

"आता निघते मुली. अवाझनं तिकडं नवे चर खणलेत, आणि त्याच्या माणसांना धीर नसतो."

तिनं रुमाल बांधला, कॅरिअरचा डबा हलत नाही ना ते बघितलं, आणि कालव्याच्या कडेनं सायकल हाणत गेली. वाटेत कुणी भेटलं नाही.